वामनकाकांचा पंखा आणि माझी मूर्ती

बाबा,

काल दुपारी तुम्ही शेडमध्ये आला होता. बाहेर पाऊस थांबून थांबून पडत होता, ताडपत्रीवर त्याचा आवाज चालला होता, आणि मी मातीच्या ढिगाला टेकून जरा डोळे मिटले होते. झोप म्हणावी तर झोप नाही. समोर देव्यांचे सांगाडे रांगेत उभे. भाताचं तणीस बांधलेलं, त्यावर मातीचा पहिला थर, आणि एकीलाही अजून डोकं नाही. डोकी साच्यातून वेगळी निघतात अन् शेवटी बसतात, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, कारण तुम्ही इथे कधी आलाच नाहीत. आणि काल आलात ते कसे? खाकी ड्रेस, खांद्याला ती चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे. दोन रांगांच्या मधून अंग चोरत चालला होता. "तिकीट? झालं का तिकीट? बाई, तुमचं?" मग एका दहा हातांच्या देवीपुढे थांबलात, तिचे सगळे हात निरखून पाहिले आणि वैतागून म्हणालात, "एवढे हात हायेत अन् एकातही सुटे पैसे नाही व्हय?"

मी हसले. हसण्यानंच जाग आली. बघते तर शेडमध्ये ओल्या मातीचा वास तेवढा होता, आणि तुम्ही आता नाही आहात हे मला पुन्हा पहिल्यापासून आठवावं लागलं.

मला कळतं, तो माणूस तुम्ही नव्हे. जिवंतपणी तुम्ही या शेडच्या दारापर्यंतही आला नाहीत. यवतमाळला नवरात्रात देव्या पाहायला अख्खा जिल्हा लोटतो. त्या देव्या करणाऱ्यांत तुमची एकुलती एक पोरगी, आणि तुम्ही महागावपुढच्या आपल्या खेड्यातल्या बुद्धविहाराचे अध्यक्ष. माझ्या हातून घडलेल्या एकाही देवीचं तोंड तुम्ही पाहिलं नाहीत. एवढ्यावर भागलं असतं तरी मी चालवून घेतलं असतं. पण जी देवीची नव्हती, बुद्धाची होती, जी तुमच्या डोळ्यांसमोर आपल्याच ओसरीवर घडली, त्या मूर्तीलाही तुम्ही भर सभेत नाही म्हणालात. ते तुम्हाला माफ करायचं की नाही, हे माझं अजून ठरत होतं. आणि तुम्ही एका दुपारी चहा पिऊन आडवे झालात ते उठलाच नाहीत. हे काय वागणं झालं, बाबा?

डोळे मिटले की मला पहिली दिसते ती तुमची एसटी. शाळेला सुट्ट्या लागल्या की आई डबा देऊन मला तुमच्या गाडीत बसवून द्यायची. तुम्ही मला ओळखही दाखवायचा नाहीत. मला कंडक्टरच्या सीटवर बसायचं असायचं, खिडकीपाशी, जिथून सगळी गाडी दिसते. "ते सीट एसटीचं हाये, माह्या बापाचं नाही," तुम्ही म्हणायचा. मग मी कुठल्या तरी आजीच्या मांडीवर, गाठोड्यांच्या मधे. मला घंटी वाजवायची असायची. तीही नाही. गाडीत माणसं असताना कंडक्टरशिवाय घंटीला कोणी हात लावायचा नाही. माझं तोंड फुगलेलं, आणि तुम्ही शांतपणे तिकिटं फाडत असायचा.

मग आर्णी मागे पडायची, यवतमाळ यायचं, सगळी माणसं उतरायची. गाडी डेपोत लागायची. ड्रायव्हरकाका चहाला जायचे. तेव्हा तुम्ही मला कमरेला धरून उचलायचा आणि म्हणायचा, "वाजव आता, लागन तितकी." आणि मी ती दोरी ओढत सुटायची. टिंग टिंग टिंग टिंग, रिकाम्या गाडीत, कुठेही न जाणाऱ्या. "आता कसं काय चालतं?" मी एकदा विचारलं होतं. "गाडी बंद असली का नियम लागत नाही," तुम्ही म्हणालात. मला आता वाटतं की जन्मभर तुम्ही तेच केलंत. नियम कधी मोडला नाहीत, पण गाडी केव्हा बंद पडते त्याची वाट मात्र बघत राहिलात.

चित्रकलेचा डिप्लोमा करायला मी यवतमाळला आले तेव्हा तुम्हाला केवढं कौतुक होतं. डेपोतल्या प्रत्येक माणसाला सांगून झालं होतं. पण माझ्या खोलीच्या बाजूला मूर्तीची शेड होती. एक दिवस नुसती बघायला म्हणून आत गेले ती बाहेर आलेच नाही. आधी माती मळली, मग हात-बोटं केली, मग एका वर्षी म्हाताऱ्या मूर्तिकारांनी डोळ्यांच्या आखणीचा ब्रश माझ्या हातात दिला. ती आखणी सगळ्यात शेवटची. एक रेघ इकडची तिकडं झाली तर देवी तिरळी बघते, आणि मग कितीही दागिने घाला, काही होत नाही. माझी रेघ सरळ गेली. मी त्या दिवशी आनंदानं घरी फोन केला, आणि तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, "जेवली का?" आणि फोन ठेवला.

तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं, बाबा. मीही ओरडले असते, आणि आपलं भांडण एकदाचं होऊन गेलं असतं. त्याऐवजी पुढच्या सुट्टीत तुम्ही मला नदीवर घेऊन गेलात. पूस नदीला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. काठावर बसून, कुठेतरी लांब बघत तुम्ही आजोबांची गोष्ट सांगितलीत. आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव टोपल्यात भरले, ते टोपलं तुमच्या डोक्यावर दिलं आणि याच नदीवर आणलं.

"मी सात-आठ वर्साचा असीन," तुम्ही म्हणालात. "त्यात एक पितळेचा घोडा व्हता. मी त्याच्यासंगं खेळो, आईची नजर चुकवून. मले वाटलं, घोडा काही देव नाही. घोडा ठेवतीन. बापानं तोही सोडला."

"मग रडले का तुम्ही?"

"रडलो. बापानं ना मले मारलं, ना जवळ घेतलं. म्हणे, याईच्याच नावानं आपल्याले गावाच्या भायेर ठेवलं व्हतं. आता नाही ठेवू शकत कोणी. चाल."

"मग?"

"मंग काय. चाललो."

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ तुमच्याच घरातली. मी म्हटलं, माझ्याही देव्या शेवटी पाण्यातच जातात की! तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, रागही होता आणि हसूही फुटायला आलं होतं. "माह्या बापानं एकदा बुडवले अन् मोकळा झाला," तुम्ही म्हणालात. "तू दरसाल काढतं अन् दरसाल बुडवतं. तुह्या कामाले शेवट हाये का नाही, बयाडे?"

ते आपलं भांडण तिथून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं, मधे नुसता थांबा घेत. पोट भरतं म्हणून करतं का आवडते म्हणून? आवडतं म्हणून. हात जोडतं का त्याईले? नाही जोडत, आखणी करते आणि ब्रश धुते. मंग ज्याच्यावर भरोसा नाही त्याचे डोळे कसे काय काढतं? मग मी उलटून विचारायची की तुम्ही तरी बुद्धाची मूर्ती कशाला ठेवता विहारात? "आपण पुजत नाही, आठोन ठेवतो," तुम्ही म्हणायचा, आणि मी म्हणायची, मग समजा की मीही कोणाची तरी आठवणच करते. यावर तुम्ही नेहमी एकच करायचा. आईला हाक मारायचा, "चहा ठेव वो, हे पोट्टी काही ऐकत नाही."

पेन्शनच्या नाहीतर डोळ्यांच्या कामाला यवतमाळला आलात की तुमचा फोन यायचा, "मी स्टँडवर हाओ." शेड स्टँडपासून पाच मिनिटांवर. पण तुम्ही नाही यायचा, मीच यायची. काम टाकून, माखलेली. तुम्ही बाकावर बसलेले, मांडीवर पिशवी, तिच्यात आईनं दिलेल्या फल्लीच्या शेंगा. मला बघितलं की आधी पाण्याची बाटली काढायचा. "हात कर." स्टँडच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, तुम्ही माझ्या हातांवर पाणी ओतायचा आणि बोटांच्या बेचक्यांतली माती स्वतःच्या बोटांनी काढायचा. नखांतलीसुद्धा. मग आपला रुमाल द्यायचा. त्यानंतरच शेंगा. मी मनात म्हणायची, बघा, देवीची माती पोरीच्या हातावर नको आहे माणसाला. पण एकदा माझ्या अंगठ्याला तार लागून चीर पडली होती, आणि तुम्ही त्या अंगठ्यावर पाणी इतकं हळू सोडलंत, की मी तुमच्याकडे बघतच राहिले. तुम्ही काय धूत होता, हे मी विचारलं नाही. आता ते पाणी मला झोपेत हातांवर पडल्यासारखं वाटतं, कोमट, बाटलीतलं, उन्हात तापलेलं.

आता वामनकाकांचा पंखा. हे तुम्हाला मी काय सांगायचं, पण मला स्वतःला एकदा नीट सांगायचं आहे.

वामनकाका म्हणजे आपल्या दोन घरं पलीकडचे, तुमचे लहानपणापासूनचे सोबती. उन्हाळ्यात वंदनेला बसणाऱ्या बायकांचा जीव कासावीस होतो म्हणून त्यांनी विहाराला छताचा पंखा दिला होता. त्याच वर्षी त्यांच्या मुलानं लेकरांच्या हट्टापायी घरी गणपती बसवला. तुम्ही सभेत ठराव मांडलात: जो देव मांडतो किंवा देवाची सेवा करतो, त्याच्या घरचं दान विहारात घ्यायचं नाही. ठराव झाला. पंखा कोण काढणार? कोणी पुढं होईना. तेव्हा अध्यक्ष स्वतः स्टुलावर चढले. पंखा काढला, पुसला, पाती कापडात गुंडाळली, आणि खांद्यावर घेऊन वामनकाकांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. वामनकाका म्हणाले, "चहा घेशीन का?" तुम्ही म्हणालात, "घेईन." दोघं पंखा मधे ठेवून चहा प्यालात. आई हे सांगताना अजूनही कपाळावर हात मारते.

पुढचे उन्हाळे विहारात लोक घामानं भिजले, आणि सगळ्यात पुढे बसून, वाहणारा घाम न पुसता, तुम्ही वंदना म्हणत राहिलात.

मग मोठी मूर्ती करायची टूम निघाली. जुनी छोटी होती, मागच्यांना दिसत नव्हती. विहारातली पोरं म्हणाली, बाहेरून कशाला आणायची, आपली सुजाताताई आहे. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. मी सुट्टी काढून आले. तुमचा स्वभाव माहीत होता म्हणून शेडमधलं एकही हत्यार आणलं नाही, सगळी नवी घेतली. माती आपल्या नाल्याची. ओसरीवर सांगाडा उभा केला, आणि ते दिवस सुरू झाले.

ते दिवस मला आठवत नाहीत, नुसते दिसतात. कडुलिंबाचा मोहर वाऱ्यानं ओसरीवर येऊन पडतो आहे, मातीवर चिकटतो आहे, मी तो टिपून काढते आहे. उन्हानं सगळं गाव निजलं आहे. आईच्या हातचं आंब्याचं पन्हं. आणि तुम्ही खुर्चीत, पेपर घेऊन, रोज. पेपरचं पान उलटल्याचा आवाज मला कधी आला नाही. मी बुद्धाचा खांदा करते आहे, तुम्ही तिथे आहात. मी पापण्या करते आहे, तुम्ही तिथे आहात. कधीतरी खुर्ची थोडी पुढे सरकलेली असायची. आपण दोघं बोलत नव्हतो, आणि माझ्या आयुष्यात आपण इतकं कधीच बोललो नाही, असं मला वाटतं. एकदाच तुम्ही उठून जवळ आलात आणि कानाकडे बघत राहिलात. लांब पाळीचे, खांद्याकडे उतरलेले.

"हे कान कोनाचे घेतले?"

"बुद्धाचे असेच असतात."

"हाव का," तुम्ही म्हणालात, आणि आपल्या कानाची पाळी हळूच चाचपून पाहिलीत. मग खुर्चीत जाऊन बसलात. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती.

मातीवरून साचा काढला, साच्यातून फायबरची मूर्ती काढली, रंग दिला. पोरांनी ती विहाराच्या ओसरीत नेऊन ठेवली. आणि सभा भरली. मी बायकांत मागे बसले होते, नवी पांढरी साडी नेसून. एवढी नटले होते, बाबा, की आता आठवलं तरी स्वतःचीच कीव येते.

वामनकाका उठले. त्यांच्या मनात खुन्नस नव्हती, हे मी शपथेवर सांगते. ते खाली बघतच बोलले. "पोरगी माह्या लेकीसारखी हाये. मूर्तीबी साजरी झाली. माहा इरोध नाही. मले फक्त इचारायचं हाये. माह्या पंख्याले जो नियम लागला, तो हिच्या मूर्तीले लागते का नाही? हे बी देवीच्याच कामात हाये ना?"

सगळ्यांची तोंडं तुमच्याकडे. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. मला तुमची पाठ दिसत होती, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. आणि पहिला हात तुमचा वर गेला. मग एकेक करून बाकीचे. पहिला तुमचा होता, बाबा. दुसरा-तिसरा असता तर मी काहीतरी समजूत काढली असती मनाची.

मी त्याच दुपारच्या गाडीनं यवतमाळला आले. आईनं तुमच्यापुढे ताट आदळलं असं नंतर कळलं. आणि दुसऱ्या दिवशी आईचाच फोन: "तुह्या बापानं शेजारची बैलबंडी मागून आणली. तिच्यात कुटार अंथरलं. मूर्ती निजवली, अंगावर आपली चादर टाकली अन् बैलाच्या पुढं पायी पायी घरी घेऊन आला. मधल्या खोलीत ठेवली. अन् आपली बाज काढली ओसरीत." मी विचारलं, "काही म्हणाले?" आई म्हणाली, "म्हणे, विहारात ठराव लागते. घरात तुह्यं राज्य हाये." म्हणजे आईवर ढकललंत! सकाळची वंदना विहारात, ठरावासकट, त्याच जुन्या छोट्या मूर्तीपुढे. संध्याकाळची घरी, माझ्या मूर्तीपुढे. दोन्हीकडे त्याच आवाजात. मला हे ऐकून रडू आलं, आणि रागही तसूभर कमी झाला नाही.

बऱ्याच दिवसांनी फोन आला, "मी स्टँडवर हाओ." मी गेले. पाणी, रुमाल, शेंगा. शेंगा सोलता सोलता तुम्ही म्हणालात, "पंखा मीच काढलता ना. वामनचं तोंड कसं पाह्यलं असतं मी?"

"आणि माझं तोंड? माझं पाहिलं का तुम्ही त्या दिवशी?"

तुम्ही शेंग सोलायचे थांबलात. "पाह्यलं," म्हणालात. तेवढंच. मागे बसलेल्या माझं तोंड तुम्हाला पुढे बसून कसं दिसलं, ते मी विचारणार होते, पण तुमची गाडी लागली. तुम्ही रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभे राहिलात, पास हातात धरून, जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस, आणि मला वाटलं, पुढच्या वेळी विचारू.

पुढच्या वेळी मी आले ती तुम्हाला पोचवायला. तुमच्या अंगावर पांढरं कापड होतं, आणि कान उघडे होते. मी फक्त कानांकडेच बघत राहिले.

परवा पुण्यानुमोदन झालं. अंगणात मंडप, भंतेजी आले, परित्राण पाठ झाला. सगळं तुम्हाला हवं तसं, वेळेवर. आणि मग वामनकाका उठले. काठी टेकत, थरथरत. मला वाटलं, चार शब्द बोलतील. ते म्हणाले, "तो ठराव आज रद्द करा. माणूस गेला. त्याची आठोन म्हणून सुजाताची मूर्ती विहारात घेऊ. मीच आडवा आलतो, मीच सांगतो." सगळा मंडप एका आवाजात म्हणाला, साधु, साधु, साधु. आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

जे मला इतके दिवस हवं होतं ते समोर येऊन उभं होतं, बाबा. हो म्हटलं की झालं. विहारात सगळ्यात पुढे माझी मूर्ती, गावच्या लेकराबाळांनी रोज पाहिलेली. शेडमध्ये काम करताना मी कितीदा हे मनात पाहिलं होतं. मी उभी राहिले. अंगण जरा लांब गेल्यासारखं वाटत होतं, माणसं पाण्यातून दिसावी तशी. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही, काका."

वामनकाका म्हणाले, "काहून वं माय?"

मी म्हटलं, "बाबांना तो हात वर करणं सोपं गेलं असेल का? तुमच्यासारख्या सोबत्याचा पंखा उतरवला, पोटच्या पोरीची मूर्ती नाकारली. एवढं सोसून त्यांनी तो नियम पाळला. मला तो पटत नाही. तेव्हाही पटला नाही, आजही नाही. पुढे कधी बदलायचा तर गावानं सभेत बसून, विचार करून बदला. पण ते गेले म्हणून, त्यांच्या नावानं, माझ्यासाठी नका बदलू. मग त्यांचं सोसणं वाया जाईल." आणखीही काही बोलले असेन. वामनकाका माझ्याजवळ आले आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बापाचीच पोरगी व्हय तू. तेवढीच खडूस." आणि रडायला लागले. मीही.

माणसं गेली. मांडव रिकामा झाला. उतरतं ऊन होतं, आई आणि मी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. आईनं एक पातेलं घासून बाजूला ठेवलं. मग राखेच्या हातानं केस मागे सारत म्हणाली, "बरं केलं तू नाही म्हटलं ते."

"तुलाही ठराव पटतो की काय आता?"

"ठरावाचं मले काय पडलं! सांगू का नोको, मले समजत नव्हतं. त्यायनं कोनाले सांगू नोको म्हटलं व्हतं." आई पाण्याचा गुंड पालथा घालत राहिली. "त्या मीटिंगच्या दिवशी सकाळी दाढी करून राह्यले व्हते. आरशातूनच मले म्हणे, 'मूर्ती विहारात गेली का सगळ्या गावाची होते वो. मंग आपल्याले दुरूनच दिसन.' मी म्हटलं, मंग काय करता? चांगल्या कामात आता काय आडवं येता? तं म्हणे, 'मी कायले आडवा येतो? नियम हाये ना.'"

"आणि?"

"अन् हासले."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "आई, माझ्या समाधानासाठी मनचं रचून सांगून राहिलीस का तू?"

"मले कायले मनचं सांगाव लागते? त्यायलेच इचार."

तर विचारते आहे, बाबा. तुम्ही तो हात नियमासाठी वर केला, की मूर्ती आपल्या घरी, तुमच्या डोळ्यांपुढे राहावी म्हणून? की दोन्ही एकदाच, आणि तुमचं तुम्हालाही नीट कळलं नव्हतं? मी तुमच्यावर किती दिवस चिडून होते, आणि त्या सगळ्या संध्याकाळी तुम्ही एकटे तिच्यापुढे बसत होता. नियमाचं राहू द्या. त्यावर आपण पुन्हा भांडलो असतो, आणि तुम्ही आईला चहा ठेवायला लावला असता. मला तेवढं एकच सांगा. आरशात बघताना तुम्ही खरंच हसला होता ना, बाबा?